नाव कुठल्या सोयराचं?

प्रिय मावशी,

माझी मुलगी दोन महिन्यांची होत आली, तरी तिचं बारसं झालेलं नाही. पत्रिकेत पूर्वाभाद्रपदाचा दुसरा चरण आला, अक्षर ‘सो’. मला ‘सोयरा’ हे नाव ठेवायचं आहे. माझे आजोबा माळकरी. ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग कायम त्यांच्या तोंडी असायचा आणि तो चोखोबांच्या सोयराचा, हेही त्यांनीच मला सांगितलं. पण सासूबाईंनी नाव ऐकताच कानांवर हात ठेवले. ‘शंभूराजांच्या जिवावर उठलेल्या बाईचं नाव माझ्या नातीला?’ नणंद म्हणते, ‘मी हे नाव बाळाच्या कानात सांगणार नाही. दुसरी आत्या शोधा.’ दीर ‘सगेसोयरे आले का?’ म्हणून चिडवतो. एका चुलतसासऱ्यांनी हळूच विचारलं, ‘आपल्यात ठेवतात का हे नाव?’ नवरा म्हणतो, ‘तुम्ही बायका काय ते ठरवा.’ इंटरनेटवर अर्थ शोधला, तर एका यादीत ‘सुंदर स्त्री’, दुसरीत ‘तारा’. खरा अर्थ काय? आणि पुढे मुलीला या नावाचा त्रास होईल का?

— सोलापूरहून, एक आई

* * *

बाळाच्या आईस,

तुझ्या पत्रातल्या सगळ्या माणसांमध्ये मला राग आला तो तुझ्या नवऱ्याचा. तेवढं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. सासूबाईंचं काही म्हणणं आहे, नणंदेचं आहे, चिडवणाऱ्या दिराचंही आहे. याचं काहीच नाही. बारशाला पाटावर तो बसणार, मुलीच्या नावापुढे त्याचं नाव लागणार, आणि ‘तुम्ही बायका ठरवा’ म्हणून तो मोकळा! त्याला हे पत्र वाचायला दे. पुढचं सगळं त्याच्यासाठीही लिहिते आहे.

आता अर्थ. त्या याद्या बंद कर. त्यांत कुठलंही नाव घाल, अर्थ शेवटी ‘सुंदर’, ‘तेजस्वी’ नाहीतर ‘देवाची देणगी’ यांपैकीच निघतो. सोयरा हा आपला रोजच्या वापरातला शब्द आहे, त्याला कोश उघडावा लागत नाही. रक्ताचा तो सगा आणि लग्नसंबंधानं जोडला गेला तो सोयरा. सोयरीक जमते, सोयरेधायरे लग्नाला येतात, मानपानात कमी पडलं की रुसतात. तुकोबांनी तर रानातल्या झाडांना आणि जनावरांनाच या नात्यात ओढलं: ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावातही हाच शब्द कोकणी वळणानं ऐकू येतो, आणि पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. तेव्हा ‘असलं कुठं नाव असतं का’ असं कोणी म्हणालं, तर असतं. फार जुनं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण कोणीतरी ती काढणारच. सामान्य नाम म्हणून सोयरा पुल्लिंगी आहे, स्त्रीलिंगी रूप सोयरी. त्यामुळे एखादे काका ‘हे तर पुरुषाचं नाव’ म्हणतील. त्यांना सांग की जनाबाईतली जना आणि मुक्ताबाईतली मुक्ता जशी, तशीच सोयराबाईतली सोयरा. शिवाय विशेषनाम झालं की शब्द वेगळा चालतो. ‘सोयऱ्याला बोलाव’ म्हटलं तर व्याही येतील, ‘सोयराला बोलाव’ म्हटलं तर लेक येईल.

सासूबाईंच्या नापसंतीत आणखी एक धागा असेल, जो तुझ्या लक्षात आला नसावा. त्यांच्या पिढीच्या कानाला या नावात ‘सोयर’ ऐकू येतं. मेल्याचं सुतक, तसं जन्माचं सोयर. बाळंतिणीच्या घराला लागणारा दहा दिवसांचा विटाळ. तो फिटला की बाराव्या दिवशी बारसं. आता विटाळ कोणी फारसा पाळत नाही, पण ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ हे आपण अजून म्हणतोच. म्हाताऱ्या माणसाला बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी हा आवाज खटकू शकतो, आणि खटकलेलं कारण नीट सांगता आलं नाही की माणसं दुसरंच, जास्त भारदस्त कारण पुढे करतात.

आणि इथेच तुझ्या आजोबांची सोयरा आठवते. चौदाव्या शतकातली ही बाई. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची बायको, कर्ममेळ्याची आई, निर्मळेची भावजय, आणि या घरातलं प्रत्येक माणूस अभंग रचणारं. निर्मळेचा नवरा बंका, तोही. एका महार घरात इतकी कवी माणसं आणि पंढरीच्या देवळाचं दार सगळ्यांना बंद. सोयरानं विटाळावर लिहिलं आहे ते वाच:

देहासी विटाळ म्हणती सकळ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला।
सोवळा तो झाला कवण धर्म॥

पुढे ती सरळ म्हणते की विटाळावाचून उत्पत्तीचं स्थानच नाही, जगात असा देह कुठला? सातशे वर्षांपूर्वी, बाळंतपणं सोसलेल्या बाईनं, जिला जातीचाही विटाळ चिकटवलेला होता तिनं, हे लिहिलं. सासूबाईंना नावात ‘सोयर’ ऐकू आलं असेल, तर त्याला उत्तर द्यायला तू कशाला हवीस? त्या नावाच्या बाईनंच ते देऊन ठेवलं आहे. मात्र हा अभंग त्यांना वाद घालायला म्हणून ऐकवू नकोस. एखाद्या एकादशीला सहज म्हण.

‘अवघा रंग एक झाला’ तुला आजोबांकडून मिळाला, बऱ्याच जणांना तो किशोरी आमोणकरांच्या भैरवीतून मिळाला. मैफलीच्या शेवटी तो ऐकून डोळे पुसणाऱ्या किती जणांना हा अभंग कोणाचा ते माहीत असतं, देव जाणे. त्याची शेवटची ओळ बघ: ‘पाहते पाहणें गेलें दुरी। म्हणे चोखियाची महारी॥’ नामदेवांच्या अभंगात नामा येतो, तुकोबांच्या अभंगात तुका. ही बाई बहुतेक ठिकाणी स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवते. नवऱ्याचं नाव आणि जात. स्वतःचं नाव ती सहीतून गाळते. त्यामुळे तिचं नाव आज कोणी एका मुलीला ठेवणार असेल तर मला ते मनापासून आवडेल, हे लपवत नाही.

पण मला आवडतं म्हणून सासूबाईंचं म्हणणं खोटं ठरत नाही. त्या जिच्याबद्दल बोलतात ती शिवाजी महाराजांची राणी, तीही सोयराबाईच होती, आणि महाराष्ट्राला जास्त माहीत आहे ती हीच.

त्यांचं मत कुठून आलं ते समजून घे. त्यांच्या पिढीनं ही बाई आधी नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून पाहिली, मग २०१७ ते २०२० रोज रात्री मालिकेतून, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मोठ्या पडद्यावर. प्रत्येक वेळी तीच कपाळाला आठ्या घातलेली, पडद्याआडून कुजबुजणारी सावत्र आई. संभाजीराजांवर जीव असलेल्या घरात हे नाव घेतलं की चेहरा डोळ्यांपुढे येणारच. याला अडाणीपणा म्हणू नकोस. ज्या राजाचे औरंगजेबानं असे हाल केले, त्याच्या बाजूनं उभं राहण्याची ती त्यांची रीत आहे.

आता कागद काय सांगतात ते थोडक्यात. सोयराबाई कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या मोहित्यांची मुलगी, हंबीरराव मोहित्यांची बहीण. संभाजीराजांच्या आई सईबाई १६५९ मध्ये गेल्या. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकात महाराजांशेजारी पट्टराणी म्हणून बसल्या त्या सोयराबाई. मुलगा राजाराम १६७० चा. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते, आणि त्याच महिन्यात दहा वर्षांच्या राजारामांना रायगडावर गादीवर बसवण्यात आलं. यात सोयराबाई होत्या, अण्णाजी दत्तोंसारखे जुने कारभारी होते. हे झालं, यात शंका नाही. गंमत अशी, की हा बेत मोडला तो सोयराबाईंच्या सख्ख्या भावानं. सरनौबत हंबीरराव बहिणीच्या मुलाच्या बाजूनं न जाता संभाजीराजांकडे गेले आणि सैन्य त्यांच्यामागे गेलं.

म्हणजे आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली, ही गोष्ट खरी. त्या काळच्या कुठल्या राजघराण्यात अशी खटपट झाली नाही, ते मला सांग. पण महाराजांना त्यांनी विष घातलं, हे जे गावगप्पांत सांगतात त्याला आधार नाही. सभासदानं १६९७ मध्ये जिंजीला बसून बखर लिहिली, त्यात महाराजांना ज्वराची व्यथा झाली असंच आहे. आणि खुद्द संभाजीराजांचं ऑगस्ट १६८० मधलं संस्कृत दानपत्र आहे, बाकरे यांना दिलेलं. म्हणजे गादीचा तंटा होऊन गेल्यानंतर चारच महिन्यांनी. त्यात या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ म्हटलं आहे. शंभूराजांसाठी नाव नको म्हणणाऱ्या सासूबाईंना शंभूराजांचंच हे म्हणणं ऐकवायला हरकत नाही.

त्यापुढचं मात्र झाकू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा कट शिजला, राजांवर विषप्रयोगाचा प्रयत्न झाल्याची बातमी आली, अण्णाजी दत्तोंना आणि आणखी काहींना देहदंड झाला, आणि ऑक्टोबर १६८१ मध्ये सोयराबाईही गेल्या. कशा गेल्या याच्या कहाण्या अनेक आहेत, एक दुसरीला खोटं पाडणाऱ्या. तू स्फटिकाची ओळ तेवढी सांगशील आणि पुढचं वर्ष गाळशील, तर सासूबाईंचा कोणीतरी इतिहासवेडा भाचा दुसऱ्या दिवशी ते मांडेल. मग तुझं काहीच कोणी ऐकणार नाही.

आणखी एक. पुढे औरंगजेबाशी जिनं झुंज दिली ती ताराराणी हंबीररावांची लेक, म्हणजे सोयराबाईंची भाची आणि सूनसुद्धा. कोल्हापूरच्या गादीवर सुरुवातीला बसले ते दोघे सोयराबाईंचे नातू. घरात ‘वाईट बाई’ म्हणून जिला खोडून टाकायचं, तिचेच नातू पुढे मुजरे घेतात. इतिहासात हे असं नेहमी होतं, आपण पडद्यावर तेवढं पाहत नाही.

तुझा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. नावाला डाग लागला की तो जातो का? मी एक नाव सांगते: आनंदी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध चा मा’ केल्याचं खापर राघोबादादांच्या आनंदीबाईंवर फुटलं. आजही मुलं शाळेत ते ऐकतात. सोयराबाईंपेक्षा या बाईची अपकीर्ती जास्त, आणि तीही पुण्याच्या भरवस्तीत. पण शंभर वर्षांनी, १८७४ मध्ये, कल्याणच्या यमुना नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न झालं आणि नवऱ्यानं तिचं नाव ठेवलं आनंदी. तीच १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईशी लग्न केलं, तेव्हा तिचंही नाव ठेवलं आनंदी. ध चा मा सगळ्यांना पाठ असताना ही नावं ठेवली गेली. आज एखादी आनंदी भेटली तर तुला पेशवीण आठवते का? मला तर नाही आठवत.

याची उलटी बाजूही आहे. चांगल्या कीर्तीनंही नाव चालतंच असं नाही. महाराजांच्या राण्यांपैकी सई हे नाव आज किती घरांत आहे! पुतळाबाई महाराजांमागे सती गेल्या, त्यांच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढत नाही, पण पुतळा नाव कोणी ठेवत नाही, कारण पुतळा म्हटलं की चौक डोळ्यांपुढे येतो. संभाजीराजांच्या येसूबाईंनी इतकी वर्षं मोगलांच्या कैदेत काढली, त्यांच्याबद्दल सगळ्यांना आदर, आणि येसू नावाची मुलगी वर्गात क्वचित दिसते. तेव्हा सोयरा नाव आज दुर्मीळ आहे याला त्या राणीची बदनामी हे एकच कारण नसावं. दोन अक्षरी, कानाला मऊ नावांचा काळ आहे. सोयरा जरा खरखरीत आहे. मला ते खरखरीतपणच आवडतं, तो भाग वेगळा.

चुलतसासऱ्यांचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘आपल्यात ठेवतात का’ या तीन शब्दांचा इतिहासाशी काही संबंध नाही, तो जातीचा प्रश्न आहे. पत्रात तू जात लिहिली नाहीस, ते बरं केलंस, माझं उत्तर बदलणार नव्हतंच. नाव म्हणून सोयरा कुठल्या एका जातीचं नाही. मोहित्यांनी मुलीला ठेवलं होतं आणि मंगळवेढ्याच्या महार वस्तीतही ते होतं. पण तू राणीचं नव्हे, संताचं नाव ठेवते आहेस, तर तिची सगळी गोष्ट घरात यायला हवी. नुसती भक्तीची गोड गोष्ट नको. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. वेठीचं काम. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या, समाधी महाद्वारासमोर झाली, दाराच्या बाहेर. त्यांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, देवालाच विचारलं आहे: ‘जन्म गेला उष्टें खातां। लाज नये तुमचे चित्ता॥’ ते दार उघडायला १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. बाबासाहेबांनी १९४८ मधला अस्पृश्यांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. मुलगी दहा-बारा वर्षांची होईल आणि ‘आई, ती देवळात का नव्हती जात?’ असं विचारेल. त्या दिवशी ‘अगं, पूर्वी तसं होतं’ एवढ्यावर भागवायचं असेल, तर हे नाव ठेवू नकोस. आणि ते सगळं सांगायची तयारी असेल, तर चुलतसासऱ्यांना एवढंच सांग: ‘नव्हतं आपल्यात, आता आहे.’

शाळेतल्या त्रासाचं विचारलंस. होईल. ‘सोयाबीन’ तर नक्की म्हणतील. लातूर, धाराशिव, सोलापूर पट्ट्यात शाळेच्या बाहेर पडलं की सोयाबीनचंच शेत, मुलांना दुसरं सुचणारच नाही. पण चिडवायला नाव लागत नाही. ज्यांची नावं आराध्या नि स्वरा आहेत त्यांनाही पोरं काहीतरी शोधून काढतातच. शिवाय एका वर्गात तीन आराध्या असल्या की बाई ‘आराध्या पी’, ‘आराध्या के’ म्हणून हाक मारतात. तुझी लेक एकटी सोयरा असेल. दिराचं ‘सगेसोयरे’ २०२४ च्या जानेवारीत मराठा आरक्षणाच्या त्या अधिसूचनेचा मसुदा निघाल्यापासून सुरू झालं असेल. बातम्यांतला शब्द आहे, बातम्या बदलल्या की जाईल. तोवर ‘भावजी, तुम्हीच पहिले सगे’ म्हणायचं नि चहाचा कप पुढे करायचा.

वाईट नाव कशाला म्हणायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, कारण त्यांची नावं नकुशी, नकुसा अशी होती. घराला ती नको होती, हे त्या मुलीला प्रत्येक हजेरीला ऐकावं लागायचं. नाव असं लागतं. तीनशे चाळीस वर्षांपूर्वीच्या गादीच्या भांडणानं पाळण्यातल्या पोरीला काही लागत नाही. तिला लागेल ते एकच: आजी आपल्याला नावानं हाक मारत नाही. बाई गं, हे खरंच होऊ शकतं. मी घरं पाहिली आहेत जिथे आजी नातवंडाला सहा-सहा वर्षं नुसतं ‘बाळ’ म्हणते, कारण नाव तिला न विचारता ठेवलं. म्हणून सासूबाईंना डावलून बारसं करू नकोस. त्यांना विचार, ‘तुम्ही हिला काय म्हणाल?’ पूर्वी पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं असायचंच. त्यांना सोनू म्हणायचं असेल, सोनाबाई म्हणायचं असेल, म्हणू दे. पत्रिकेतलं अक्षरही पाळलं जाईल. हे मी तडजोड म्हणून सांगत नाही, आजीचा तेवढा हक्क असतो.

राहिली नणंद. कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, तो तिच्याकडून काढून घेऊ नकोस. ‘दुसरी आत्या शोधा’ असं ती रागानं म्हणाली, पण या नावात आत्याचीच गोष्ट आहे आणि ती कोणी तिला सांगितलेली दिसत नाही. आख्यायिका अशी, की सोयराचे दिवस भरले तेव्हा घरात मदतीला कोणी बाई नव्हती. चोखोबा बहिणीला, निर्मळेला, बोलवायला गेले. इकडे कळा सुरू झाल्या आणि निर्मळा दारात हजर. तिनं सगळं बाळंतपण निगुतीनं केलं आणि गेली. मागाहून खरी निर्मळा आली तेव्हा कळलं, आधी आला होता तो विठ्ठल. देवाला सोयराकडे यायचं होतं, तर तो तिची नणंद होऊन आला! आई झाला नाही, सखी झाला नाही. ही गोष्ट तू सांगू नकोस, ते लाडीगोडी लावल्यासारखं होईल. नवऱ्याला सांगायला लाव. बहीण त्याची आहे, आणि काहीतरी ठरवायची पाळी त्याच्यावर एकदा तरी येऊ दे.

कागदाचं सांगते आणि संपवते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती रुग्णालयातूनच गेली असेल. त्यात नावाचा रकाना कोरा असला तरी काळजी नको, नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून वर्ष उलटू देऊ नकोस. स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून ने: एस, ओ, वाय, ए, आर, ए. मधला ए गाळला तर वाचणारे ‘सॉयरा’ करतील आणि ऐकून लिहिणारा कारकून बहुधा ‘सायरा’ लिहील. छापलेला दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलायच्या आधी वाच. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम आहे. म्हणजे सोयराच्या लगेच पुढे तुझं नाव येईल. ते नीट लिहिलं गेलंय ना, तेही बघ.

एवढं सगळं करूनही घरात मन वळलं नाहीच, तर ‘सो’वर सोहनी आहे. रागाचं नाव, ऐकायला गोड, कोणाला काही आठवणार नाही. मग दाखल्यावर सोहनी आणि तुझ्या तोंडी सोयरा, असंही चालेल. मला विचारशील तर मी उलट करीन.

— मावशी